अद्भुत भूमिका-खेळांतील राक्षस : आव्हानाची रचना आणि संकेताचा प्रश्न

१. विषयप्रवेश

मेजाभोवती बसून मुख्यतः बोलण्याच्या आधारे खेळला जाणारा अद्भुतरम्य भूमिका-खेळ हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेला क्रीडाप्रकार होय. त्याचे पहिले प्रसिद्ध मुद्रित रूप म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्या सहकार्याने १९७१ साली ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन लढायांची नियमावली सिद्ध केली होती, तर आर्नेसन हे मिनेसोटात ‘ब्लॅकमूर’ नामक कल्पित प्रदेशातील खेळ चालवीत होते. या दोन प्रवाहांच्या संगमातून तीन लहान पुस्तिकांचा हा खेळ निर्माण झाला. त्यांपैकी दुसरी पुस्तिका राक्षस आणि त्यांच्याजवळील संपत्ती यांच्या वर्णनाला वाहिलेली होती. म्हणजे राक्षसांची सूची हे या खेळाचे आरंभापासूनचे एक प्रधान अंग आहे.

खेळाची पद्धती थोडक्यात अशी. मंडळींपैकी एक जण सूत्रधार होतो आणि उरलेले प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार परिस्थितीचे वर्णन करतो, खेळाडू आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तिचा निर्णय फाशांनी होतो. पट, सोंगट्या व नकाशे यांचा उपयोग पुष्कळदा केला जातो, परंतु ती साधने गौण होत. भुयाराच्या टोकाशी काहीतरी उभे आहे, असे सूत्रधाराने म्हटले की ते तेथे असते. त्याने म्हटले नाही, तर खेळाडूंच्या दृष्टीने ते नसते. या खेळातील राक्षस ही अशा रीतीने प्रथमतः एक भाषिक वस्तू आहे.

आव्हान देणारा राक्षस कसा रचावा, हा प्रश्न या खेळाच्या अभ्यासकांनी वारंवार चर्चिलेला आहे. बहुतेक चर्चा अंकांच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात त्या अंगाचे विवरण करून, त्याच्या पलीकडे असलेल्या संकेताच्या अंगाकडे लक्ष वेधले आहे. राक्षस बलवान असणे आणि राक्षस आव्हानात्मक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील भेद खेळाडूला मिळणाऱ्या सूचनांवर अवलंबून असतो, असे येथील प्रतिपादन आहे. ‘राक्षस’ हा शब्द लेखात मराठीतील त्याच्या व्यापक अर्थाने, म्हणजे कोणत्याही भयंकर कल्पित जीवासाठी, योजिला आहे. त्याच्या एका संकुचित अर्थाचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

२. शब्दाची साक्ष

इंग्रजीतील ‘मॉन्स्टर’ हा शब्द लॅटिन ‘मॉन्स्ट्रुम’ या शब्दापासून आला असून त्याचा संबंध ‘मोनेरे’ म्हणजे ‘सावध करणे’ या क्रियापदाशी जोडला जातो. मूळ अर्थ देवतांनी दिलेली सूचना, भावी अरिष्टाचे चिन्ह असा होता. विचित्र जीवाचा जन्म हे असे एक चिन्ह मानले जाई. कालांतराने चिन्ह हा अर्थ लोपला आणि विचित्र जीव तेवढा उरला. आपल्याकडील ‘उत्पात’ या शब्दाचा प्रवास याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. संस्कृतात ‘उत्पात’ म्हणजे अनिष्टसूचक असाधारण घटना. मराठीत मात्र ‘उत्पात’ म्हटले की केवळ धुमाकूळ किंवा नासधूस डोळ्यांसमोर येते. दोन्हीकडे सूचना विसरली गेली आणि अनर्थ तेवढा राहिला.

व्युत्पत्तीवरून खेळाचे नियम सिद्ध होत नाहीत हे खरे. तथापि राक्षसाची रचना करणाऱ्याला या जुन्या अर्थाचे स्मरण उपकारक ठरते. जो राक्षस काहीच सुचवीत नाही, तो उत्पात करू शकेल. पण खेळाडूंच्या बुद्धीला त्याच्याशी झुंज घेता येणार नाही.

३. अंकांचे गणित आणि त्याची मर्यादा

१९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या ग्रंथाने राक्षसांच्या नोंदीला कोशासारखे रूप दिले. नाव, संख्या, संरक्षण, गती, आघात, विशेष सामर्थ्य आणि त्यानंतर वर्णन असा तिचा क्रम. पुढील आवृत्त्यांत तपशील पालटले, पण सांगाडा टिकला. त्यांतील दोन अंक मुख्य समजावेत. किती इजा सोसल्यावर जीव कोसळतो ते सांगणारा प्राणांक, आणि त्याच्यावर वार बसण्यासाठी फाशाने व हल्लेखोराच्या कौशल्याने मिळून किती संख्या गाठावी लागते ते सांगणारा कवचांक.

२०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीतील दोन नोंदी उदाहरणादाखल घेता येतील. ओगर या धिप्पाड जीवाचा कवचांक ११ व प्राणांक ५९ आहे. त्याच्या सोट्याचा एक घाव सरासरी १३ इजा करतो. गॉब्लिन या खुज्या जीवाचा कवचांक १५ व प्राणांक अवघा ७ आहे, आणि त्याच्या घावाची इजा सरासरी ५. आता समजा, पहिल्या पातळीची चार पात्रे आहेत. प्रत्येक जण वीस बाजूंच्या फाशावर ५ मिळवून वार करतो, वार बसल्यास सरासरी ८ इजा करतो, आणि प्रत्येकाचा कवचांक १६ आहे.

एकट्या ओगरशी गाठ पडल्यास पात्रांचा वार शेकडा ७५ वेळा बसेल. चौघे मिळून दर फेरीस सरासरी २४ इजा करतील आणि तिसऱ्या फेरीत ओगर पडेल. ओगरचा वार शेकडा ५५ वेळा बसेल, म्हणजे दर फेरीस सरासरी ७ इजा. उलट चार गॉब्लिन आले, तर पात्रांचा वार शेकडा ५५ वेळाच बसेल. परंतु बसलेला प्रत्येक वार बहुधा एक गॉब्लिन पाडील, म्हणजे दर फेरीस सुमारे दोन. चार गॉब्लिन मिळून पहिल्या फेरीत सरासरी ९ इजा करतात, दुसऱ्या फेरीत त्याच्या निम्मी.

एकंदर इजेचे आकडे फारसे दूर नाहीत, परंतु अनुभव अगदी वेगळा आहे. गॉब्लिनांचे बळ प्रत्येक मृत्यूबरोबर घटत जाते आणि त्यांची इजा अनेकांत वाटली जाते. ओगर शेवटचा प्राणांक उरेपर्यंत पूर्ण बळाने लढतो, आणि बारा प्राणांकांचा योद्धा त्याच्या एकाच सरासरी घावाने कोसळू शकतो. या खेळात प्रत्येकाला दर फेरीस ठरावीक कृती मिळतात. म्हणून चौघांविरुद्ध उभा असलेला एकटा राक्षस, अंगबळाने कितीही मोठा असला तरी, कृतींच्या हिशेबात चारास एक असा उणा पडतो. एकाकी राक्षस अपेक्षेपेक्षा लवकर का मरतो, याचे मुख्य कारण हेच होय.

राक्षसाच्या काठिण्याला एक अंक देण्याची व्यवस्था २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आली. तिला ‘आव्हानांक’ म्हणता येईल. तेव्हाची कल्पना अशी की, चौघांच्या चमूची पातळी जेवढी असेल तेवढ्याच आव्हानांकाचा राक्षस त्यांच्या साधनसामग्रीचा साधारण पाचवा हिस्सा खर्च करवील. २०१४ च्या आवृत्तीत तोच अंक, विश्रांती घेतलेल्या चौघांना मृत्यूविना जिंकता येईल अशा राक्षसाची पातळी दर्शवू लागला. त्याच आवृत्तीत राक्षसांची संख्या वाढली की त्यांच्या गुणांची बेरीज एका गुणकाने वाढवून काठिण्य मोजावे, असा नियम होता. प्रत्येकी ५० गुणांचे चार गॉब्लिन म्हणजे २००. संख्येमुळे ते दुप्पट होऊन ४००. पहिल्या पातळीच्या चौघांना ‘प्राणघातक’ ठरणारी सीमाही ४०० च आहे. एकट्या ओगरचे गुण ४५०. अर्थात कोष्टकाच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग एकाच वर्गात बसतात. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शिकेत हा गुणक काढून टाकण्यात आला.

या दुरुस्त्यांवरून एक गोष्ट ध्यानात येते. अंक हे धोक्याचे परिमाण सांगतात, त्याचे स्वरूप सांगत नाहीत. शब्दकोशातील नोंदीवरून शब्दाचा अर्थ कळतो, पण वाक्यात तो काय काम करील ते कळत नाही, तसेच हे आहे.

४. राक्षस हा एक प्रश्न

ट्रोल हा या खेळातील जुना राक्षस आहे. त्याच्या जखमा आपोआप भरून येतात. अग्नी किंवा आम्ल यांनीच त्याला खरी इजा होते. हे वैशिष्ट्य गायगॅक्स यांनी पोल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीतील ट्रोलवरून घेतले. पाचव्या आवृत्तीत ट्रोलचे प्राणांक ८४ असून त्याच्या प्रत्येक पाळीच्या आरंभी १० परत येतात. मात्र आधीच्या फेरीत अग्नीची वा आम्लाची इजा झाली असल्यास ते येत नाहीत. प्राणांक आणखी दहा-वीसांनी वाढवून राक्षस केवळ चिवट झाला असता. या एका नियमाने तो एक प्रश्न बनला. तलवार चालत नाही, हे खेळाडूंना डोळ्यांदेखत दिसते. मग चालते काय?

ब्लॅक पुडिंग या चिकट काळ्या जीवाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. शस्त्राने कापले असता त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे चाल करून येतो. येथे खेळाडूचा नित्याचा उपायच संकट वाढवितो. देवीमाहात्म्यातील रक्तबीजाची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. रक्ताचा थेंब भूमीवर पडला की नवा असुर उठतो. तेव्हा अधिक जोराने प्रहार करणे व्यर्थ, थेंब भूमीवर पडू न देणे हा उपाय. कालीने रक्त मुखातच झेलले.

हिरण्यकशिपूचा वर हेही याच जातीचे उदाहरण होय. मनुष्याकडून नाही, पशूकडून नाही. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. या नकारांच्या मालिकेने अमरत्व सिद्ध झाले असे वाटते, आणि नकारांच्या सीमारेषेवर नेमकी फट सापडते. आधुनिक खेळातील राक्षसाच्या नोंदीत अमुक इजेचा परिणाम होत नाही, तमुक इजा निम्मी होते, अशी जी यादी असते ती तत्त्वतः वरासारखीच आहे. भेद एवढाच की, पुराणकथेत वराचे शब्द श्रोत्याला आधीच ऐकविलेले असतात. म्हणूनच संधिकाळी, उंबरठ्यावर नृसिंह प्रकटतो तेव्हा श्रोत्याला समाधान वाटते. वर गुप्त ठेवला असता तर तोच शेवट मनमानी वाटला असता. खेळातील राक्षसालाही हेच लागू पडते. उत्तर असणे पुरेसे नाही. उत्तराकडे नेणारी वाट श्रोत्याच्या आवाक्यात असली पाहिजे.

अशा प्रश्नरूप राक्षसाची एक अडचण उघड आहे. कोडे एकदाच सुटते. ट्रोलला अग्नी लागतो हे ज्याला पूर्वीच माहीत आहे, त्याच्यापुढे ट्रोल पुन्हा साधा चिवट शत्रू होतो. काही सूत्रधार अशा वेळी नियम पालटतात. पण नियम पालटून बाह्य रूप तसेच ठेवले, तर खेळाडूच्या खऱ्या ज्ञानाला शिक्षा होते. नियम नवा असेल तर रूपही नवे हवे, आणि त्या रूपात नियमाची काही खूण हवी.

५. संकेताविना राक्षस

१९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये इअर सीकर नावाचा एक किडा आहे. तो लाकडात राहतो आणि दाराला कान लावून पलीकडची चाहूल घेणाऱ्याच्या कानात शिरतो. खेळाडू सावधपणे दारे ऐकू लागले, तेव्हा सावधपणाच घातक ठरविणारा हा किडा त्यांच्यापुढे आला. लवणस्तंभासारखा छताला लटकून खालून जाणाऱ्यावर कोसळणारा पिअर्सर आणि पेटीचे वा दाराचे रूप घेणारा मिमिक हे त्याचेच सगोत्र. अशा जीवांचा एकेकटा उपयोग मौजेचा असू शकतो. पण त्यांची परंपरा झाली की खेळाडू प्रत्येक दार, प्रत्येक छत आणि प्रत्येक पेटी तासन्‌तास तपासू लागतात, आणि खेळ थिजतो.

यात पणाला काय लागते, हे खेळाबाहेरच्या वाचकाला सहज उमगणार नाही. एखादे पात्र महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षानुवर्षे खेळले जाते. त्याचा इतिहास, त्याची मैत्री, त्याची वचने खेळाडूने स्वतः बोलून घडविलेली असतात. आरंभीच्या नियमांत व्हँपायर व तत्सम मृतयोनींच्या स्पर्शाने पात्राची पातळीच नष्ट होत असे. कित्येक आठवड्यांची कमाई एका फाशाने जाई. पाचव्या आवृत्तीत व्हँपायरच्या दंशाने प्राणांकाची कमाल मर्यादा घटते आणि दीर्घ विश्रांतीनंतर ती पूर्ववत होते. या सौम्यपणाबद्दल मतभेद आहेत. जुन्या पद्धतीचे समर्थक म्हणतात की, त्या भयामुळेच खेळाडू मृतयोनीचे नाव निघताच वाट बदलीत. त्यात तथ्य आहे. परंतु नाव निघण्याची संधी मिळाली तरच हे समर्थन टिकते. हानी मोठी असणे हा दोष नव्हे. मोठ्या हानीपूर्वी सूचना नसणे हा दोष होय.

या ठिकाणी भाषाशास्त्राचे साहाय्य घेता येते. एच. पी. ग्राइस यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लॉजिक अँड कॉन्व्हर्सेशन’ या निबंधात संभाषणाचे सहकार्यतत्त्व मांडले. बोलणारा आवश्यक तेवढेच, खरे, प्रस्तुत आणि सुस्पष्ट बोलेल, असे ऐकणारा गृहीत धरतो. आणि त्या गृहीताच्या बळावर न बोललेला अर्थ काढतो. सूत्रधाराचे निवेदन या तत्त्वावरच चालते. प्रत्यक्ष भुयारात उभ्या असलेल्या मनुष्याला हजार गोष्टी दिसतील; सूत्रधार त्यांपैकी चार सांगतो. म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट खेळाडू प्रस्तुत मानतो. ‘भिंती ओल्या आहेत, कोपऱ्यांत कोळिष्टके आहेत, पण जमिनीवर धुळीचा कणही नाही,’ असे वाक्य आले की ‘पण’ या एका अव्ययावर खेळाडू थांबतो.

जेलॅटिनस क्यूब हा राक्षस या वाक्यासाठीच जन्मला असावा असे वाटते. तो दहा फूट बाजूचा पारदर्शक, लिबलिबीत घन आहे. खेळाच्या नकाशांतील दहा फूट रुंदीच्या वाटांत तो चपखल बसतो, आणि वाटेतील सर्व सेंद्रिय पदार्थ गिळीत जातो. आकाराने हास्यास्पद, बुद्धीने शून्य, गतीने मंद असा हा जीव आजही खेळाडूंना प्रिय आहे. त्याचे एक कारण असे की, तो स्वच्छ जमिनीच्या रूपाने आपल्या आधी आपली सूचना पाठवितो. आणि जवळ गेल्यावर हवेत अधांतरी तरंगणारी नाणी किंवा हाडे दिसतात. ज्याने सूचना ओळखली तो वाचतो. ज्याने ओळखली नाही, त्यालाही नंतर आठवून आपली चूक कळते. सूचना पुरेशी होती की नाही याची कसोटी हीच समजावी. पराभवानंतर खेळाडूच्या तोंडून ‘हे कळायला हवे होते’ असे उद्गार निघाले तर राक्षस न्याय्य होता. ‘हे कसे कळणार होते?’ असे निघाले तर नव्हता.

सूचना एकच ठेवू नये, हेही अनुभवाने ठरलेले आहे. सूत्रधाराला जी खूण ढळढळीत वाटते ती ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, कारण सूत्रधाराला उत्तर आधीच ठाऊक असते. खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा अशी अपेक्षा असेल त्यासाठी निदान तीन खुणा ठेवाव्या, असा नियम जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ साली मांडला. एक सुटेल, एकीचा अर्थ चुकीचा लागेल, तिसरी कामास येईल, असा त्यामागील व्यवहारी विचार आहे.

काही वेळा सूचना नियमांतच गोवलेली असते. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत प्राणांक निम्म्यावर येताच जीव ‘रक्तबंबाळ’ अवस्थेत गेला असे मानीत, ती अवस्था सर्व खेळाडूंना कळत असे, आणि काही राक्षसांचे वर्तन त्या क्षणी पालटत असे.

६. स्थळ, हेतू आणि कृती

‘ड्रॅगन’ मासिकाच्या नोव्हेंबर १९८७ च्या १२७ व्या अंकात संपादक रॉजर मूर यांनी टकर नामक सूत्रधाराच्या कोबोल्डांची हकीकत सांगितली. कोबोल्ड हा सूचीतील सर्वांत दुर्बळ जीवांपैकी एक. परंतु टकरचे कोबोल्ड उघड्यावर लढत नसत. अरुंद वाटा, अडसर, पेटविलेला पालापाचोळा, भिंतींतील झरोके यांच्या आडून ते बलाढ्य पात्रांना हैराण करून पळवून लावीत. त्यांचे अंक कोठेही वाढविलेले नव्हते. दुर्बळ जीव आपल्या घरात आणि आपल्या दुर्बलतेची जाणीव ठेवून लढला, तर तो काय करील, एवढाच विचार टकरने केला. सह्याद्रीच्या घाटांतील गनिमी काव्याचा इतिहास ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना हे तत्त्व नव्याने शिकविण्याची गरज नाही.

राक्षसाला काय हवे आहे, हा प्रश्न यातून उद्भवतो. भुकेला प्राणी एक भक्ष्य मिळताच निघून जाईल, पिलांची राखण करणारा पाठलाग करणार नाही, लुटारू हरू लागताच शरण येईल. मृत्यूपर्यंत झुंजणारे थोडेच. हेतू ठरला की राक्षसाचे वर्तन तर्काने ओळखता येते, आणि खेळाडूंना शस्त्राखेरीज इतर उपायही सुचतात.

एकाकी राक्षसाची कृतींच्या हिशेबातील उणीव भरून काढण्यासाठी नियमकर्त्यांनी निरनिराळे उपाय योजिले. चौथ्या आवृत्तीने राक्षसांची कामे वाटून दिली. कोणी पुढे राहून अडविणारा, कोणी दुरून मारणारा, कोणी लपून घाव घालणारा, कोणी रणांगणाचे नियंत्रण करणारा. शिवाय एका बसलेल्या वाराने पडणारे किरकोळ साथीदार. पाचव्या आवृत्तीने ड्रॅगनसारख्या महान जीवांना इतरांच्या पाळीच्या अखेरीस करावयाच्या तीन जादा कृती दिल्या, आणि दिवसातून तीन वेळा फसलेला बचाव यशस्वी करून घेण्याची मुभा दिली. पहिला उपाय मोलाचा आहे, कारण त्यामुळे राक्षस खेळाडूंच्या पाळ्यांमध्ये वारंवार ‘बोलतो’ आणि प्रसंग संवादासारखा चालतो. दुसरा उपाय व्यवहारतः आवश्यक असला तरी सदोष आहे. खेळाडूची उत्तम युक्ती त्यात कारणाविना निष्फळ होते. त्याच नियमाला दृश्य कारण दिले, उदाहरणार्थ ड्रॅगनच्या गळ्यातील तीन मण्यांपैकी एक तडकून विझला असे सांगितले, तर खेळाडूला आपली युक्ती वाया गेली नाही, एक मणी खर्ची पडला, हे कळते. अंक तोच, संकेत तेवढा नवा.

७. ‘राक्षस’ या शब्दाचे स्थलांतर

‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या ग्रंथात ‘राक्षस’ हा भारतीय शब्दच एका विशिष्ट जीवाचे नाव म्हणून आला. हा जीव भारतात प्रथम ज्ञात झाला असे तेथे सांगितले आहे. तो समोरच्याला विश्वासू वाटेल असे मायारूप घेतो, आणि मंत्राने पवित्र केलेल्या आडव्या धनुष्याच्या बाणाने मरतो. ही कल्पना रामायणातून थेट आलेली नाही. १९७४ सालच्या ‘कोल्चाक : द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील एका भागात असाच राक्षस आणि असाच बाण होता, गायगॅक्स यांची प्रेरणा तेथील होती. पुढे व्याघ्रमुख आणि उलट्या फिरलेले तळहात ही त्याची रूढ लक्षणे झाली. पाचव्या आवृत्तीत त्याचा आव्हानांक १३ आहे.

उसन्या शब्दाचा अर्थसंकोच होणे ही भाषेतील नित्याची घटना आहे. रामायणातील राक्षस हे कुल, नगर आणि राजनीती असलेले लोक होत. त्यांत विभीषणही आहे. खेळात त्या नावाची एकच दुष्ट जाती उरली. तरी मारीचाचे सुवर्णमृगरूप आणि रावणाचे भिक्षुरूप यांतील कामरूपित्वाचा धागा, फिरत फिरत का होईना, या जीवात टिकून राहिला. शिवाय उलटे तळहात ही संकेताच्या दृष्टीने उत्तम खूण आहे. सूत्रधाराने वेषांतरातही ती क्षणभर डोकावू दिली, तर सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्याला माया भेदण्याची संधी मिळते. याच खेळातून ‘हॉबिट’ हे नाव टोल्किन यांच्या साहित्याच्या हक्कधारकांच्या आक्षेपामुळे वगळून ‘हाफलिंग’ करावे लागले. ‘राक्षस’ शब्दावर मात्र कोणाचाच हक्क नव्हता. परंपरेच्या शब्दांना स्वामी नसतो. म्हणून त्यांचा अर्थ जपण्याचे दायित्व ते वापरणाऱ्यावरच येते.

ते दायित्व कसे पाळता येईल, याचे एक उदाहरण मराठी लोकसमजुतीतून घेता येईल. रात्री परिचित वाटेवरचा माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, त्याला ‘चकवा लागला’ असे म्हणतात. चकव्याला खेळात आणावयाचे तर त्याला प्राणांक देण्याची गरज नाही. त्याचा नियम समजुतीतच आहे : वाट पुढे नेत नाही. खुणा तीन ठेवता येतील. मोडक्या गाडीचे तेच चाक पुन्हा दिसते; चिखलात स्वतःच्याच पावलांचे ठसे आढळतात; मघाशी पाठीशी असलेला वारा वळण न घेताही तोंडावर येतो. सूर्योदयापर्यंत थांबून राहणे हा सोपा उपाय. परंतु पुढच्या गावी उजाडण्यापूर्वी औषध पोचवावयाचे असेल, तर त्या उपायाला मोठी किंमत पडते, आणि डोळे झाकून केवळ वाऱ्याच्या वा ओढ्याच्या आवाजाच्या अनुरोधाने चालण्याचे धाडस कोणी करावे, याची चर्चा मेजाभोवती सुरू होते. येथे कोणी कोणावर शस्त्र उगारलेले नाही. तरी आव्हान पुरे आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा. राक्षसाचे अंक नेमके असावेत, कारण अंक चुकल्यास प्रसंग रटाळ तरी होतो किंवा संहारक तरी. आणि ते ठरविताना एकट्या जीवाचे बळ व त्याला मिळणाऱ्या कृती यांचा एकत्र विचार करावा. त्याच्याजवळ एक नियम असावा, जो नित्याच्या उपायाला अडवून वेगळा उपाय शोधावयास लावील. तो नियम खेळाडूला कळू शकेल अशा खुणा एकाहून अधिक असाव्यात, आणि हानी जितकी मोठी तितक्या त्या आधी याव्यात. त्याला हेतू व स्थळ असावे, म्हणजे त्याच्या वर्तनाचा तर्क करता येईल.

या सर्वांच्या मुळाशी एक विषमता आहे. मेजाभोवतीच्या मंडळींत एकाला सर्व काही ठाऊक असते आणि उरलेल्यांना तो सांगेल तेवढेच. ज्याला ठाऊक आहे त्याने मनात आणले तर तो कोणत्याही क्षणी जिंकू शकतो. म्हणून त्याच्या जिंकण्याला अर्थ नाही. आपल्या ज्ञानाचा योग्य तेवढा भाग, योग्य वेळी, इतरांच्या हाती देणे हेच त्याचे खरे काम, आणि आव्हानात्मक राक्षस हे त्याचे एक साधन होय.